सभागृहातील श्रवणसाहाय्य : एक निकडीचे कर्तव्य

(सभागृहाच्या नूतनीकरणानिमित्त भरलेल्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या सभागृहाच्या नूतनीकरणाचा संकल्प कार्यकारी मंडळाने सोडला आणि त्यासाठी ज्ञातीतील लहानथोरांनी यथाशक्ति देणग्या दिल्या, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. नवी फरशी, नवा रंगमंच, नव्या खुर्च्या, नवे कर्णे अशी जी यादी सभासदांकडे आली आहे ती आम्ही लक्षपूर्वक वाचली. तीत एका गोष्टीचा मात्र उल्लेख नाही. या सभागृहात जे बोलले जाईल ते कानाने अधू झालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांस ऐकू येणार की नाही, हा प्रश्न त्या यादीने विचारलेलाच नाही. त्या एका प्रश्नावर चार शब्द बोलण्याची अनुज्ञा अध्यक्षमहाराजांनी दिली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

आम्ही कोणी शास्त्रज्ञ नव्हे, इंजिनियरही नव्हे. मॅट्रिक झालो आणि पुढचा सारा जन्म प्राथमिक शाळेत फळ्यापुढे उभे राहण्यात गेला. तेव्हा जे स्वतः अनुभवले आणि जाणत्यांस विचारून समजून घेतले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहोत.

हा विषय आम्हांस का सुचला, ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही वर्षांपूर्वी याच सभागृहात ज्ञातीतील पंच्याहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांचा सत्कार झाला. नावे पुकारण्याचे काम आमच्याकडे होते. एका वृद्ध कारागिराचे नाव आम्ही पुकारले. ते उठले नाहीत. पुन्हा पुकारले, तरी ते समोर पाहत स्वस्थ बसून होते. तेव्हा आम्ही माईकवरून म्हणालो, “यांच्या कानांत अजून हातोडाच चालला आहे!” सभागृहात हशा पिकला. सगळे हसताहेत हे पाहून तेही हसले. शेजारच्या गृहस्थांनी हात धरून उठविले तेव्हा ते वर आले आणि शाल-श्रीफळ घेऊन गेले. पुढे त्यांच्या सूनबाईंकडून कळले की, घरी जाताना रिक्षात त्यांनी एवढेच विचारले, “मंडळी कशाला हसली ग?” त्यानंतर ते संमेलनास आले नाहीत. आता ते येणारही नाहीत. चाळीस मुलांच्या वर्गात कोणी कोणाच्या व्यंगास हसला तर आम्ही त्यास बाकावर उभे करीत असू. त्या दिवशी आम्हांस कोणी उभे केले नाही, म्हणून आज आम्ही आपण होऊन उभे राहिलो आहोत.

आता मूळ विषयाकडे वळू. आपण जातीचे तांबट. भांड्यावर मठार काढता काढता आपल्या कित्येक पिढ्या झिजल्या. त्या ठोक्यांनी घर चालले, मुले शिकली. आम्ही शिक्षक झालो तेही वडिलांच्या हातोड्याच्या पुण्याईवर. परंतु त्या ठोक्यांनी एक किंमतही वसूल केली. इटलीमध्ये रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. निरनिराळ्या धंद्यांतील लोकांस होणाऱ्या रोगांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला आणि १७१३ साली त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली. त्या ग्रंथात व्हेनिस शहरातील तांबटांविषयी लिहिले आहे. हे लोक एकाच वस्तीत राहतात, दिवसभर तांबे ठोकतात, त्यामुळे त्यांस ऐकू कमी येते आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असा त्याचा आशय आहे. हे वर्णन वाचताना आम्हांस वाटले की, हा गृहस्थ आपल्या तांबट आळीत येऊन गेला असावा!

याचे कारण असे. हातोड्याचा प्रत्येक ठोका हा क्षणभराचा, परंतु अतिशय तीव्र नाद असतो. आपल्या अंतःकर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव आहे. त्यात केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असलेल्या पेशी असतात व त्या ध्वनीचा संदेश मज्जातंतूंस पोहोचवितात. वर्षानुवर्षे तीव्र नाद आदळत राहिला की या पेशी मरतात आणि एकदा मेल्या की मनुष्याच्या शरीरात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. प्रथम बळी जातात त्या उंच पट्टीच्या नादांच्या पेशी. सेकंदाला सुमारे ४००० कंपनांच्या आसपासच्या. वार्धक्यामुळे येणारा बहिरेपणाही असाच वरच्या पट्टीपासून खाली उतरतो. म्हणजे ज्याने हातोडा कधी हाती धरला नाही, त्याचीही यातून सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढील लोकांपैकी चतुर्थांशाहून अधिकांस अडचण व्हावी इतका श्रवणदोष असतो. या सभागृहातील पुढच्या चार रांगांकडे पाहिले तर हा अंदाज फारसा चुकीचा वाटणार नाही.

उंच पट्टी गेली म्हणजे नेमके काय जाते, हे शिक्षकाच्या भाषेत सांगतो. आपल्या भाषेतील स्वर आणि म, न यांसारखी व्यंजने खालच्या पट्टीत असतात व त्यांत जोरही पुष्कळ असतो. उलट स, श, त, थ, क, ख, फ ही व्यंजने वरच्या पट्टीकडची आणि अंगाने दुबळी. शब्दाचा आवाज स्वरांत असतो, परंतु अर्थ बहुधा या दुबळ्या व्यंजनांत असतो. पाठ, काठ, साठ, ताठ हे चार शब्द घ्या. पहिले व्यंजन हरपले तर चारही शब्द म्हणजे नुसते ‘आठ’! म्हणूनच आपले वृद्ध म्हणतात, “ऐकू येते रे, पण समजत नाही.” आमचे वडील कीर्तनाचे वेडे होते. अखेरच्या वर्षांत त्यांनी देवळात जाणे सोडले. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “मृदंग ऐकू येतो, बुवा काय सांगतात ते कळत नाही. नुसता मृदंग ऐकायला कशाला जाऊ?” त्या वेळी आम्हांस वाटले की, वयोमानाने त्यांचा स्वभाव तिरसट झाला. स्वभाव होता तसाच होता. आम्हांला कारण समजले नव्हते.

येथे कोणी म्हणेल, “मग कर्णे मोठे लावा.” हीच ती समजूत, जिच्यामुळे पैसा खर्च होतो आणि काम होत नाही. आवाज वाढविला म्हणजे जे स्वर अगोदरच ऐकू येत होते ते अधिक दणदणतात. हरपलेली व्यंजने त्या दणदणाटाखाली अधिकच दडपली जातात. शिवाय भिंतींवरून, छतावरून तोच आवाज परतून येतो आणि एका शब्दाची शेपटी दुसऱ्या शब्दाच्या तोंडावर पडते. निरोगी कान त्यातून वाट काढतो. अधू कानास ती सापडत नाही. तरुण मंडळी कान झाकून घेतात आणि ज्यांच्यासाठी आवाज वाढविला ते तसेच बसून राहतात, असा हा प्रकार आहे.

दुसरे कोणी म्हणेल, “त्यांनी श्रवणयंत्र घ्यावे.” अवश्य घ्यावे; आमच्या कानामागेही दोन वर्षांपासून ते आहे. परंतु त्याची मर्यादा समजून घेतली पाहिजे. समोर चार हातांवर बसलेल्या माणसाशी बोलताना ते उत्तम उपयोगी पडते. सभागृहात मात्र त्या यंत्राचा माईक आपल्या कानाशी असतो आणि वक्ता असतो साठ फुटांवर. त्यामुळे वक्त्याच्या शब्दाआधी कानात शिरते ते शेजारच्या खुर्चीचे करकरणे, डोक्यावरच्या पंख्याची घरघर आणि मागच्या रांगेतील पोराचे रडणे. दोष यंत्राचा नव्हे, अंतराचा आहे. म्हणून खरा उपाय एकच : वक्त्याच्या तोंडाजवळचा शब्द मधल्या हवेस वळसा घालून थेट श्रोत्याच्या कानापर्यंत नेणे.

हा उपाय नवा नाही. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले की, बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे ठेवले तर त्यात वीज उत्पन्न होते. याच तत्त्वावर १९३७ साली इंग्लंडात जोसेफ पोलियाकॉफ यांनी ऐकू कमी येणाऱ्यांसाठी एका योजनेचे पेटंट घेतले. तिला आज इंडक्शन लूप किंवा हिअरिंग लूप म्हणतात. रचना ऐकाल तर साधी आहे. बैठकीच्या भोवती, फरशीखाली किंवा भिंतीच्या पायथ्याशी, तांब्याची तार फिरवावयाची व तिची दोन्ही टोके एका खास ध्वनिवर्धकास जोडावयाची. माईकमधील आवाज त्या ध्वनिवर्धकातून विद्युत्प्रवाह होऊन तारेत खेळतो आणि त्या आवाजाबरहुकूम बदलणारे चुंबकीय क्षेत्र त्या वलयात उत्पन्न होते. अनेक श्रवणयंत्रांत टेलिकॉइल नावाचे तांब्याच्या तारेचे इवलेसे वेटोळे असते. यंत्र ‘टी’ या खुणेवर नेले की माईक बंद होतो आणि ते वेटोळे त्या क्षेत्रातून वक्त्याचा शब्द उचलते. मग पंखा नाही, खुर्ची नाही, प्रतिध्वनी नाही. मागच्या रांगेत बसा की पुढच्या, वक्ता जणू कानाशी बसून बोलतो.

यात धोका काही नाही. अशा वलयातील क्षेत्र किती असावे याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेले आहे आणि ते पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकत्वाच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. ज्यांच्या यंत्रात टेलिकॉइल नाही किंवा ज्यांच्यापाशी यंत्रच नाही, त्यांच्यासाठी छोटा ग्राहक आणि कानास लावण्याचे हेडफोन देता येतात. याखेरीज आणखी दोन पद्धती प्रचारात आहेत. एकीत अवरक्त किरणांवरून आवाज पाठवितात. हे किरण भिंतीबाहेर जात नाहीत, म्हणून एकास लागून एक अशी नाट्यगृहे असतील तेथे ही पद्धत सोयीची. मात्र प्रखर उन्हात ती अडते. दुसरी पद्धत रेडिओलहरींची. २०२२ साली ब्लूटूथची ऑराकास्ट ही नवी योजनाही जाहीर झाली असून नव्या श्रवणयंत्रांत ती हळूहळू येत आहे. परंतु ग्राहक-यंत्र मागून घ्यावे लागते, गळ्यात अडकवावे लागते, परत करावे लागते. आणि आपले ऐकणे कमी झाले आहे हे चारचौघांत दाखविण्याची वृद्धांस लाज वाटते. वलयात मात्र काही मागावे लागत नाही. आपापल्या यंत्राची खूण बदलली की झाले. आमच्या मते त्याचा सर्वांत मोठा गुण हाच होय.

हे आम्ही केवळ वाचून सांगत नाही. श्रवणयंत्र घेतल्यानंतर आमचे मुलाकडे इंग्लंडात जाणे झाले. तेथील एका नाट्यगृहाच्या दारावर कानाचे चित्र आणि त्याशेजारी ‘टी’ हे अक्षर अशी पाटी होती. मुलाने सांगितले तसे आम्ही यंत्र ‘टी’वर केले. क्षणभर सारे शांत झाले; इतके शांत की यंत्र बिघडले असे वाटले. तोच रंगमंचावरील नटाचा शब्द, त्याच्या श्वासासकट, कानात आला. इंग्रजी आमचे बेताचेच, तेव्हा नाटक सगळे कळले असे म्हणणार नाही. परंतु शब्द प्रत्येक ऐकू आला. मध्यंतरात आमचे डोळे पाणावले ते नाटकामुळे नव्हे. देवळाची पायरी सोडून घरी बसलेले वडील आठवले. तार तेव्हाही होती, वीजही होती. ठाऊक नव्हते एवढेच.

इंग्लंडात ही वलये नाट्यगृहांप्रमाणेच चर्चमध्ये, तिकिटांच्या खिडक्यांशी आणि बँकांच्या गल्ल्यांशीही असतात. व्यंग असलेल्यांस सेवा घेता यावी म्हणून वाजवी सोय केली पाहिजे, असा तेथील २०१० च्या समता कायद्याचा दंडक आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याखाली जे निकष ठरले आहेत त्यांत तर आकडेच दिले आहेत. आपल्या सभागृहात ३०० खुर्च्या बसणार आहेत. तेवढ्या खुर्च्यांसाठी तेथे किमान १२ ग्राहक-यंत्रे ठेवावी लागतात.

आपल्या देशातही कायदा आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ साली झाला. सार्वजनिक इमारतींच्या सुगम्यतेविषयी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ साली निघाली. चित्रपटगृहांत कर्णदोष व दृष्टिदोष असणाऱ्यांसाठी सोयी कराव्यात अशी तत्त्वे मार्च २०२४ मध्ये जाहीर झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुगम्यतेविषयी नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत. बंधनकारक किमान नियम केले पाहिजेत. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१६ च्या कायद्याच्या व्याख्येत बसण्यास दोन्ही कानांत किमान ६० डेसिबेलचा दोष लागतो. २०११ च्या जनगणनेत देशात कर्णदोष असणारे सुमारे ५० लाख ७० हजार लोक नोंदले गेले. पण “मला थोडे कमी ऐकू येते” असे म्हणणारे किती आजी-आजोबा त्या नोंदीत आले असतील? कायदा यांस बहिरे मानीत नाही आणि सभा यांस ऐकणारे मानीत नाही. अशी माणसे कोणाच्याच यादीत नसतात. ती ज्ञातीच्या यादीत तरी असावीत, एवढेच आमचे मागणे आहे.

खर्चाचा प्रश्न निघेल. तो निघालाच पाहिजे, कारण पैसा देणगीदारांचा आहे. आमचे म्हणणे एवढेच की, फरशी आत्ता उखडली आहे. तार घालण्याची वेळ हीच. नवी फरशी बसल्यानंतर हे काम करावयाचे तर ती पुन्हा फोडावी लागेल आणि तेव्हा ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणत दहा वर्षे निघून जातील. कर्ण्यांपैकी दोन कमी घेतले तरी आमची तक्रार नाही. मात्र घाईने कोणाकडूनही तार टाकून घेऊ नये. स्लॅबमधील लोखंडी सळ्यांनी चुंबकीय क्षेत्र दुबळे होते आणि विजेच्या इतर तारांची गुणगुण त्यात मिसळते. म्हणून जाणत्या माणसाकडून आधी मोजमाप घ्यावे आणि काम झाल्यावर प्रत्येक रांगेत मापकयंत्र धरून खात्री करून घ्यावी. मुंबईत वांद्रे येथे वाचा व श्रवणदोषांसंबंधीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. अशा ठिकाणच्या तज्ज्ञांचा सल्ला प्रथम घेतल्यास चूक टळेल.

यंत्र बसविले म्हणजे कर्तव्य संपले असेही नाही. दारावर पाटी आहे, पण बटण कोणते ते कोणास ठाऊक नाही, अशी तक्रार परदेशातही ऐकू येते. यास्तव कार्यकारी मंडळापुढे आम्ही चार सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, फरशीच्या कामाबरोबरच वलयाची तार घालावी व ‘टी’ची पाटी दारावर लावावी. दुसरी, ग्राहक-यंत्रे काही थोडी तरी घ्यावीत आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या दिवशी ती देण्यासाठी व यंत्रणा तपासण्यासाठी एक तरुण स्वयंसेवक नेमावा. तिसरी, या सभागृहात कोणीही माईकवाचून बोलू नये. “माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको,” असे म्हणणारे वक्ते आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु माईकमध्ये न बोललेला शब्द वलयात जात नाही. प्रश्न विचारणाऱ्यानेही माईक हाती येईपर्यंत थांबावे. चौथी, ज्ञातीतील ज्या घरांतून आजही हातोडा चालतो त्या तरुणांची कानतपासणी वर्षातून एकदा करावी आणि कामावर कानांत बोळे घालण्याची सवय त्यांस लावावी. त्यांची उमर आज तिशीची आहे. पाऊणशे वयात त्यांचे नाव कोणी पुकारील तेव्हा त्यांस ते ऐकू यावे.

ज्यांना श्रवणयंत्र घ्यावयाचे असेल त्यांना एक सांगणे. खरेदी करताना टेलिकॉइल आहे काय, हे अवश्य विचारा. अगदी लहान, कानात लपणाऱ्या यंत्रांत ते बहुधा नसते. असेल तर ते चालू करून मागा आणि कसे वापरावे ते शिकून घ्या. यंत्र दिसते म्हणून संकोच धरू नका. चष्मा लावणाऱ्यास कोणी आंधळा म्हणत नाही.

मंडळी, आपल्या मराठी मुलखास ऐकण्याचे वेड आहे. कीर्तन, प्रवचन, संगीत नाटक, व्याख्यानमाला हे सारे कानांवर उभे राहिलेले वैभव आहे. ज्या पिढीने ते जपले तीच पिढी आज कानांमुळे त्यापासून तुटते आहे. ती भांडत नाही, तक्रार करीत नाही, एक दिवस येणे बंद करते आणि आपण म्हणतो, “आता त्यांना होत नाही.” होत नाही असे नव्हे. आपण होऊ देत नाही.

तांब्याने आपल्या वाडवडिलांस अन्न दिले आणि त्यांचे कान घेतले. त्याच तांब्याची एक तार या फरशीखाली घालून ते कान थोडेबहुत परत करता येतील. पुढच्या संमेलनात वृद्धांचा सत्कार होईल तेव्हा नावे पुकारण्याचे काम पुन्हा आमच्याकडे द्यावे, अशी आमची विनंती आहे. एकदाच पुकारू, आणि ज्यांचे नाव असेल ते स्वतः उठून येतील, अशी आशा आहे.